मदत हवी आहे: विट्यातून कोइमतूरच्या नातवंडांना मराठी शिकवायची आहे
नमस्कार मंडळी. आम्ही विट्याचे (जि. सांगली). खानापूर-आटपाडीकडच्या अनेक घरांसारखा माझा भाऊही गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यात, कोइमतूरला असतो. त्याची पोरं मराठी झकास बोलतात, पण शाळेत तमिळ आणि इंग्रजी, त्यामुळे वाचता येत नाही. पूर्वी एसटीडीवर ख्यालीखुशाली विचारेपर्यंत मीटर पळायचं. आता फुकट व्हिडिओ कॉल आहे, म्हणून पोरांचे आजोबा, आमचे निवृत्त शिक्षक अण्णा, रोज संध्याकाळी गूगल मीटवर त्यांना शिकवतात. परवा धाकटीनं स्वतःहून 'आजोबा' लिहून दाखवलं, अण्णांना बोलवेना.

अडचण अशी की ते पाटी कॅमेऱ्यासमोर धरतात, हात थरथरतो, अक्षर पुसट दिसतं. शिवाय त्यांना स्वतःच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतात (पोरांना सरळच दिसतात), मग गोंधळतात. मी तिसरा फोन जोडला की 60 मिनिटांनी कॉल तुटतो. दोनच असले तर नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळाली, ती उतरवून घेतली आहेत.

फोन वहीच्या वर धरून ठेवायला घरच्या घरी काय करता येईल? आणि सत्तरीतल्या माणसाला फोनच्या पडद्यावर बोटानं लिहिता येईल असा फुकट फळा कुणी वापरलाय का? कृपया सविस्तर सांगा, अण्णांना वाचून दाखवायचं आहे.