लांब पाकीट शिवायचंय : माप काय ठेवू, चामडं किती जाड?

रापी_आणि_आरी
नोटा न दुमडता राहतील असं लांब पाकीट हाताने शिवायचं आहे. आठ कार्डं, पाचशेच्या नोटा, चिल्लर नको. पाचशेची नोट १५० मिमी, मग बाजारातली लांब पाकिटं १९० मिमीची का? बाभळीच्या सालीने कमावलेलं १.२ मिमीचं चामडं आणलंय. सगळे थर त्याचेच चालतील?

दोन_सुया
१९० हा आकडा कार्डांचा आहे. कार्ड ८६ मिमी. दोन शेजारी म्हणजे १७२. प्रत्येकाला ४ मिमी मोकळीक, शिवणीला दोन्ही कडांनी ३-३, मधल्या शिवणीला थोडी जागा, झाले १९०. उंचीही तशीच निघते : प्रत्येक रांगेत चार कार्डं एकामागे एक, मागचं प्रत्येक ११ मिमी वर. ५४ मिमीचं कार्ड आणि अशा तीन पायऱ्या, म्हणजे ८७, शिवण धरून ९५. लांब पाकिटाची खरी गंमत हीच. आठ कार्डं एकावर एक रचली तर सहा मिमी, दोन रांगांत तीनच.

सगळे थर १.२ चे नकोत. चार कप्पे आणि पाठ मिळून कडेला ६ मिमी होतात. आरी तिरकी जाते, मागचे टाके वाकडे येतात. पाठ १.२, कप्पे ०.७ ते ०.८. वरचे तीन कप्पे इंग्रजी टी अक्षरासारखे कापा : फक्त वरची पट्टी बाजूच्या शिवणीपर्यंत, खालचा भाग अरुंद. म्हणजे कडेला थर साचत नाहीत.

पाकीट लांबीच्या बाजूने मिटतं. एका अर्ध्यात कार्डं, नोटांचा कप्पा दुसऱ्या अर्ध्यात, ६५ मिमी उंच. तळाची शिवण ३ मिमी खाते, त्यामुळे ६६ मिमीची नोट बोटाला लागेल इतकी वर राहते. दोरा शिवणीच्या चौपट घ्या.

जुनी_नोट
मुळात लांबी नोटेनेच ठरली. अमेरिकेत १९२९ पर्यंत नोट १८९ × ७९ मिमी होती, मग १५६ × ६६ झाली. आपली २०१६ ला बंद झालेली हजाराची नोट १७७ × ७३, तिला आतून १८० तरी लागायचे. जपानमध्ये दहा हजार येनची नोट १६० × ७६, आणि तिथे लांब पाकीट, ‘नागासाइफु’, अजून रोजच्या वापरात आहे. मोटारसायकलवाल्यांचं पाकीट जीन्सच्या मागच्या खिशातून अर्धं बाहेर राहतं, म्हणून त्याला साखळी. साखळीची रिंग एकाच थरात ठोकू नका, भोक ताणून फाटतं.

रापी_आणि_आरी
अस्तर लावलं तर घडीवर सुरकुत्या पडतील ना?

दोन_सुया
सपाट ठेवून चिकटवलं तर नक्की पडतील, कारण मिटल्यावर आतली वाट बाहेरच्यापेक्षा लहान होते. दोन्ही अर्धे आधी चिकटवा. घडीजवळची पट्टी पाकीट अर्धं मिटून, शेवटी. कार्डांचे कप्पे घडीच्या ५ मिमी अलीकडेच थांबवा.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. तेल अगदी थोडं. जास्त झालं की कप्पे सैलावतात आणि कार्डं घसरतात.