संदर्भ विभागातही एकदा बसून बघा

"सार्वजनिक वाचनालयात कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांचे गाइड यापलीकडे काही नसतं" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. देवघेवीच्या काउंटरवरून परत फिरलं की तसं वाटतं खरं. पण पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे, लोकहितवादींसारख्यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. एवढ्या जुन्या संस्थेत आत काय काय जपलेलं असेल, याचा विचार तरी करा!

माझा अनुभव सांगते. आजोबांच्या गावाची माहिती शोधत मी इथल्याच एका वाचनालयाच्या संदर्भ विभागात गेले होते. तिथल्या काकांनी पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचे, तिन्ही भाग टेबलावर आणून ठेवले. कडेला कसरीने खाल्लेली, बोट लावलं तरी तुटतील अशी पानं. त्यांत गावोगावच्या बाजाराचे वारसुद्धा होते, आमच्या गावाचाही. ही पुस्तकं घरी नेता येत नाहीत, म्हणून ती शेल्फवर दिसतही नाहीत. मागावी लागतात. आणि कुणी मागितलीच नाहीत तर त्यांच्या बांधणीवर पैसे कोण खर्च करणार?