वडील गेले तरी खेळला म्हणून सलाम. आणि जो घरी गेला त्याला?

रावपुरेकर:
परवा कट्ट्यावर बडोद्याचा बॅट्समन विष्णू सोळंकीचा विषय निघाला आणि पार भांडणापर्यंत गेला, म्हणून इथे टाकतोय. आठवत नसेल त्यांच्यासाठी: फेब्रुवारी 2022, बडोद्याची रणजी टीम ओडिशात. विष्णूची नुकतीच जन्मलेली मुलगी गेली. तो बडोद्याला आला, अंत्यविधी उरकले, परत कटकला जाऊन चंदीगडविरुद्ध 104 काढल्या. त्याच मॅचच्या शेवटच्या दिवशी वडील गेल्याची बातमी आली. त्यांचे अंत्यसंस्कार त्यानं ड्रेसिंग रूममधून व्हिडिओ कॉलवर पाहिले.

आता दुसरी गोष्ट. जानेवारी 2021, मुश्ताक अली ट्रॉफी (देशांतर्गत टी-20), बडोद्याचा कप्तान कृणाल पंड्या. वडील गेले, तो कोविडचा बबल (बाहेरच्यांशी संपर्क बंद) सोडून घरी आला. टीम त्याच्याशिवाय फायनलला गेली. (क्वार्टर फायनलला शेवटच्या बॉलवर सिक्स मारून जिंकवणारा कोण? हाच विष्णू.)

विष्णूवर केवढं लिहून आलं! कृणालच्या घरी येण्याला 'सलाम' कुणी ठोकला नाही. माझं म्हणणं एवढंच की थांबलेल्याचं कौतुक आपण इतकं करतो की उद्या एखादा पोरगा घरी निघाला तर तोच मान खाली घालेल. हे कौतुक जरा आवरा.

मोतीबागचा_पंच:
आवरायचं कशाला? 1999 चा वर्ल्ड कप आठव. सचिनचे वडील गेले, तो मुंबईला आला, त्याच्याशिवाय आपण झिम्बाब्वेशी 3 रन्सनी हरलो. आईनंच त्याला परत पाठवलं आणि 23 मे ला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140. सेंच्युरी झाल्यावर त्यानं वर आभाळाकडे पाहिलं, तेव्हा आमच्या वाडीतल्या घरात टीव्हीसमोर कोणी बोलेना. ते कौतुक खोटं होतं का?

आणि 'सुतकात बॅट कशी धरली' म्हणणाऱ्यांनी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय काढावा. राजाला, व्रतस्थाला, सत्रात (लांब चालणाऱ्या यज्ञात) बसलेल्याला अशौचाचा, म्हणजे सुतकाचा, दोष नाही असं तिथेच लिहिलंय. हातात घेतलेलं काम सोडून ये असं शास्त्रसुद्धा सगळ्यांना सांगत नाही.

खोखोवाली:
काका, राजाची गोष्ट राजापाशी. राजाला टीममधून कोण काढणार होतं?

मी युनिव्हर्सिटीकडून खो-खो खेळायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले होते तेव्हा आजी गेली. घरच्यांनी ठरवलं, सांगायचं नाही, पोरगी सेमीफायनलला आहे. मॅनेजर सरांना माहीत होतं. रोज रात्री आईला फोन करायचे, आई म्हणायची आजी झोपलीय. मी परत आले तर दाराशी चपलांचा ढीग आणि आत तिच्या फोटोला हार. पदक पिशवीतच राहिलं. आज इतकी वर्षं झाली, आईवरचा राग गेलेला नाही.

स्पेनच्या ओल्गा कार्मोनाचं असंच झालं. 2023 च्या महिला फुटबॉल वर्ल्ड कप फायनलला तिनंच एकमेव गोल केला आणि मॅच संपल्यावर कळलं की वडील आधीच गेलेत. लोक म्हणाले, काय नियतीचा खेळ! नियती कसली? मोठ्यांनी बसून घेतलेला निर्णय तो. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मांडवीची_काकू:
बाळा, तुझा राग समजतो. पण मीसुद्धा लपवलंय. मुलाची बारावीची बोर्डाची परीक्षा चालू होती, धाकटे दीर गेले. आम्ही त्याला भावाकडे कारेलीबागेत ठेवलं आणि शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. सांगितलं असतं तर काकाला आठवत रडत बसला असता, वर्ष गेलं असतं. कुठल्या आईचं मन धजावेल? त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

खोखोवाली:
काकू, बोलून दाखवलं नाही म्हणजे राग नाही, असं नसतं हो.

ताळेबंद:
भावना राहू द्या, जरा हिशेब बघा. 2021-22 ला रणजीची मॅच फी दिवसाला 40 ते 60 हजार होती, आधी किती मॅच खेळलात त्यावर. त्या मोसमात प्रत्येक टीमला साखळीच्या जेमतेम 3 मॅच, आणि त्याआधीचा अख्खा रणजी मोसम कोविडमुळे रद्द. म्हणजे साखळीतली एक मॅच सोडली की रणजीच्या कमाईचा आणि तिथे सिलेक्टरसमोर दिसण्याचा तिसरा हिस्सा गेला. सचिनची जागा परत येईपर्यंत कोण घेणार होतं? बाविशीतल्या पोराची जागा मात्र बाहेर बसलेला दुसरा पोरगा घेतो आणि 80 मारतो. अशात 'त्यानं स्वतः थांबायचं ठरवलं' याला काय अर्थ?

मोतीबागचा_पंच:
पैशानं सगळं मोजू नका. फास्ट बोलर मोहम्मद सिराजचं काय? नोव्हेंबर 2020, ऑस्ट्रेलियात असताना वडील गेले. बोर्डानं विचारलं होतं, जायचंय का? तो थांबला. मग मेलबर्नला पदार्पण, ब्रिस्बेनला 5 विकेट्स. वडिलांनी रिक्षा चालवून वाढवलेला पोरगा, त्यांचं स्वप्न होतं त्यानं देशाकडून खेळावं. कुणाकुणाला घरात बसून सुचत नाही, गमत नाही. त्याला मैदानच लागतं.

रावपुरेकर:
सिराजला विचारलं, हाच तर फरक. तरी तेव्हा क्वारंटाइन होतं, गेला असता तर त्या दौऱ्यात परत येणं मुश्कील होतं. हॉकीतल्या वंदना कटारियालाही 2021 ला वडिलांच्या अंत्यविधीला जाता आलं नाही, बेंगळुरूच्या कॅम्पमध्ये होती. टोकियो ऑलिंपिकला तिनं हॅटट्रिक केली म्हणून आपल्याला माहीत. हॅटट्रिक झाली नसती तर?

आणि पंचकाका, तुम्ही नियमवाले. नियम काय म्हणतो?

मोतीबागचा_पंच:
नियम कोरडा आहे. फेब्रुवारी 2024 ला राजकोट टेस्टमध्ये अश्विन आईच्या आजारपणासाठी रातोरात चेन्नईला गेला. बदली पडिक्कल फक्त फील्डिंगला, बॅटिंग-बोलिंग नाही. चौथ्या दिवशी अश्विन परतला आणि लगेच बोलिंग टाकू शकला, कारण अनुपस्थितीचं कारण पंचांना पटलं तर तेवढी मुभा आहे. बाकी टीम दहा जणांची.

ताळेबंद:
डोक्याला बॉल लागला तर 2019 पासून पूर्ण बदली मिळते. कोविडलाही मिळत होती. 2025-26 पासून रणजीत गंभीर दुखापतीलाही. मग घरात मयत झाल्यावर का नको? बदली मिळाली आणि वर मॅच फी हातात पडली, तर किती जण थांबतात ते बघू.

मोतीबागचा_पंच:
बदलीला माझी हरकत नाही. पण जो तरीही थांबेल त्याला बिचारा म्हणायचं नाही.

खोखोवाली:
कबूल. पण नियमात आजी धरणार का? की फक्त आईवडील?

मोतीबागचा_पंच:
आजी धरली की चुलत आजीपण येणार. मॅच हातातून जाताना दिसली की कुणाची ना कुणाची आजी जाईलच. पंचानं काय वॉर्ड ऑफिसचा दाखला बघत बसायचं?

मांडवीची_काकू:
दाखला तर दोन दोन आठवडे मिळत नाही. तोवर मॅच संपते.