गोपनीय शिक्क्याला एक्सपायरी डेट पाहिजे की नको?

लष्करवाला:
आधीच सांगतो, लष्करवाला म्हणजे आपल्या ग्वाल्हेरचं लष्कर, बाड्याजवळचं, फौजेशी माझा काही संबंध नाही. तर दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या ट्रंकेत एक रबरी शिक्का सापडला, 'गोपनीय' लिहिलेला. बाबा एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते, कुठलं ते सोडा. शिक्का इतका वापरलाय की 'गो' पार झिजलाय, कागदावर मारला की नुसतं 'पनीय' उमटतं. आई सांगते, साहेबांच्या बंगल्याच्या पडद्यांच्या कोटेशनवर पण हाच मारायचे, म्हणजे कोणी फाइल मागत नाही.

माझं म्हणणं एवढंच की शिक्का मारायला काही लागत नाही आणि काढणं हे कोणाचंच काम नाहीये. म्हणजे कागदावर आहे, 1997 च्या पब्लिक रेकॉर्ड्स रूल्समध्ये लिहिलंय की अंडर सेक्रेटरीच्या खालचा नसेल असा अधिकारी नेमा आणि त्याने दर पाचव्या वर्षी गोपनीय फायली तपासून मोकळ्या करायच्या. पण समजा त्याने एखादी फाइल मोकळी केली आणि गडबड झाली तर मान त्याची जाणार, नाही केली तर कोणी विचारणार पण नाही, मग तो कशाला करेल? म्हणून उलटं करा. 25 वर्षं झाली की फाइल आपोआप उघडी, आणि ज्याला बंद ठेवायचीय त्याने कारण लिहून खाली सही करायची.

मुरारचे काका:
अरे बाळा, पडद्यांचं सोड, त्यावर माझं काही भांडण नाही. पण 'आपोआप' हा शब्द वाचला की मला धडकी भरते. मी 24 वर्षं वर्दी घातलीय. खबऱ्याचं नाव रिपोर्टात सहसा नसतंच, काय असतं माहितेय? 'गावातला किराणा दुकानदार, डावा पाय अधू.' तुझा बाबू येणार, नाव शोधणार, नाव नाहीये म्हणून कागद मोकळा करणार. आता मला सांग, त्या गावात डावा पाय अधू असलेले किती किराणावाले असतील? 1990 मध्ये तो तिशीचा होता तर आज पासष्टीचा, त्याच दुकानात बसलेला असेल, पोरगा गल्ल्यावर. हे ओळखायला तो इलाका माहीत असलेलाच माणूस लागतो, कॅलेंडरला ते कळत नाही.

आणि अमेरिकेचं उदाहरण द्यायच्या आधी वाच, तिथे 25 वर्षांचा नियम आहे खरा पण त्याला नऊ अपवाद आहेत, खबरे त्यात पहिलेच.

ठाठीपूरची:
काका, किराणावाल्याचा मुद्दा मला पटला, खरंच. पण अपवाद असणं आणि सगळंच अपवाद असणं यात फरक आहे ना. आपल्या माहिती अधिकार कायद्यात (2005) कलम 8(3) म्हणतं 20 वर्षांपूर्वीची माहिती द्या. वा! पण पुढे लगेच लिहिलंय की 8(1)(अ) ला हे लागू नाही, आणि तेच तर देशाच्या सुरक्षेचं कलम. म्हणजे गोळी दिली आणि रोगाचं नाव खोडून टाकलं. 8(2) मध्ये ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट (सरकारी गुपितांचा कायदा) असला तरी जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, पण 'देता येते', द्यावीच लागते असं नाही.

आणि तो ॲक्ट 1923 चा, इंग्रजांचा. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 मध्येच म्हटलं होतं रद्द करा आणि हेरगिरीची कलमं नॅशनल सिक्युरिटी ॲक्टमध्ये घाला. तो आहे तिथेच आहे. इफ्तिखार गिलानी नावाच्या पत्रकाराला 2002 मध्ये याच कायद्याखाली पकडलं, कशासाठी, तर कॉम्प्युटरवरच्या अशा एका कागदासाठी जो पाकिस्तानातल्या एका संस्थेने आधीच छापलेला होता! सात महिने तिहारमध्ये, मग सरकारनेच केस मागे घेतली.

दालबाजार:
मजा आहे सगळी. आपल्या झाशी रोडची डीआरडीई घ्या, म्हणजे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची लॅब, रिक्षावाल्याला पण माहितेय तिथे लॅब आहे. लॅबपासून 200 मीटरच्या आत बांधकाम नको या नियमापायी आजूबाजूच्या बिल्डिंगवाल्यांची वर्षानुवर्षं झोप उडाली होती, नोटिशी, कोर्ट, सगळं झालं. आता विचारा 200 च का, 100 का नाही. ताई तुम्ही कायदेवाल्या आहात, मिळेल उत्तर?

ठाठीपूरची:
डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, कलम 24 ने सूट. भ्रष्टाचार किंवा मानवाधिकाराचा मुद्दा असेल तरच विचारता येतं.

मुरारचे काका:
दालबाजार भाऊ, आत रसायनं आणि जंतूंपासून बचावाचं काम चालतं, अंतर का ठेवलं ते सांगायचं तर आत काय ठेवलंय ते सांगावं लागेल. काही प्रश्नांचं उत्तरच गुपित असतं.

लष्करवाला:
काका, मग 1962? चीन युद्धात आपण का हरलो यावरचा लष्कराचा हेंडरसन ब्रुक्स रिपोर्ट. 2010 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी साहेबांनी संसदेत सांगितलं की आजही ऑपरेशनल महत्त्वाचा आहे म्हणून उघडता येत नाही. 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग नेटवर टाकून दिला. म्हणजे बीजिंगमध्ये बसून वाचता येतो, फक्त आपलं सरकार अजून अधिकृतपणे देत नाही. मग हे कोणापासून लपवतोय? माझा अंदाज, शत्रूपासून नाही, आपल्याच नातवंडांपासून. आणि कारगिलचा रिपोर्ट सुब्रह्मण्यम समितीने दिला, 2000 मध्ये संसदेत ठेवला, नाजूक भाग काढून. जमलं की नाही?

अमेरिकेचा तो 25 वर्षांचा नियम ज्या सरकारी ऑर्डरमध्ये आहे (13526, सन 2009) तिच्यात मला नऊ अपवादांपेक्षा दुसरंच कलम आवडतं: चूक झाकायला, बेकायदा काम लपवायला किंवा खात्याची लाज वाचवायला शिक्का मारायचा नाही. आणि शंका असेल तर मारूच नका. आपल्याकडे शंका असेल तर दोनदा मारतात.

मुरारचे काका:
कारगिलचं बरोबर बोललास. पण बघ, तिथे माणसांनी बसून एकेक पान वाचलं, आणि मी तरी दुसरं काय म्हणतोय? 1962 चं सांगू का, बॉर्डरच ठरलेली नाही तर कोणती चौकी कुठे होती हे सरकारी शिक्क्यानिशी सांगणं वेगळं आणि एका गोऱ्याने नेटवर टाकणं वेगळं. एक पुरावा होतो, दुसरी अफवा राहते. तुला हे वकिली वाटेल, वाटू दे.

पण संरक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये पॉलिसी काढली, वॉर डायऱ्या वगैरे साधारण 25 वर्षांत उघडायच्या, युद्धाचा इतिहास पाच वर्षांच्या आत लिहून काढायचा. ती नीट चालवा ना. प्रत्येक खात्यात चार निवृत्त माणसं बसवा, इलाका माहीत असलेली, पेन्शनवर आहोतच. मी फुकट येईन.

दालबाजार:
काका नोकरी शोधतायत 😄

मुरारचे काका:
शोधतोय. घरात सून टीव्ही लावू देत नाही.

लष्करवाला:
काका तुम्ही बसा, चालेल मला. पण एक तारीख ठरवा की तोपर्यंत तुम्ही वाचलं नाही तर फाइल उघडी. नाहीतर तुमच्यानंतर अजून चार काका बसतील आणि चहाच चालेल.

मुरारचे काका:
तारखेवर नाही पटणार आपलं.

ठाठीपूरची:
लष्करवाले, त्या पडद्यांच्या फाइलचं काय झालं? मागून बघितलीत?

लष्करवाला:
आईला विचारलं. पडदे केव्हाच फाटले म्हणे, साहेब पण गेले. फाइल आहे, अजून 'पनीय' आहे.