स्लीप, हायबरनेट, शटडाउन : मराठीत काय म्हणावं?

घरच्या संगणकासाठीच्या मदतपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. शटडाउनला ‘बंद करा’, स्लीपला ‘झोप’ लिहिलं, अडलं हायबरनेटवर. कोशात ‘शीतनिद्रा’ आहे, पण संपादक म्हणतात, दोन्हीकडे झोपच आली तर फरक कळणार कसा? स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच (तात्पुरत्या स्मृतीत) राहतं, वीज गेली की न साठवलेलं सगळं जातं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर उतरवून मग यंत्र बंद होतं. काय सुचवाल?

प्रतिसाद १ : शीतनिद्राच ठेवा. बेडकाच्या धड्यापासून सगळ्यांच्या ओळखीचा शब्द. मूळ लॅटिन शब्दही हिवाळ्याचाच. आपले ‘हिम’, ‘हेमंत’ त्याच कुळातले.

प्रतिसाद २ : कूळ मान्य, जागा चुकली. शीतनिद्रेत बेडकाचं हृदय मंद का होईना, चालू असतं. हे वर्णन स्लीपचं झालं! हायबरनेट केलेल्या संगणकाचा तर प्लगही काढता येतो.

प्रतिसाद ३ : मग स्लीपला ‘डुलकी’ म्हणा. कळ दाबली की जागा.

प्रतिसाद २ : डुलकी लागते, कुणी आज्ञा देऊन घेत नाही. बटणावर क्रियापद हवं.

प्रतिसाद ४ : पडद्यावर हायबरनेट आणि पुस्तिकेत शीतनिद्रा, तर वाचणाऱ्यानं शोधायचं कुठे? जे दिसतं तेच देवनागरीत लिहा.

प्रतिसाद १ : असं करत करत क्रियापदंही जातील. ‘हायबरनेट कर’मध्ये मराठी उरलं किती? ‘कर’ एवढंच.

प्रतिसाद ५ : मला ‘बंद करा’च खटकतं. बंद पंखा होतो. शटडाउनमध्ये यंत्र उघडे प्रोग्राम मिटतं, राहिलेलं डिस्कवर लिहितं, मग वीज तोडतं. आजी दिवा ‘विझव’ म्हणू द्यायची नाही, ‘मालव’ म्हणायची. वीज गेली तर संगणक विझतो. आपण तो मालवतो.

प्रतिसाद ३ : सुंदर! पण विंडोज ८ पासून (२०१२) फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू व्हावा म्हणूनची सोय) चालू असेल तर शटडाउनमध्येही प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात. पूर्ण नवी सुरुवात रीस्टार्टनंच होते. मग हे मालवणं की निम्मं हायबरनेट?

मूळ प्रश्नकर्ती : हायबरनेटचं काय करू? उद्या मजकूर द्यायचा आहे.

प्रतिसाद २ : मालवणं फक्त ज्योतीचं. कंदील मालवतात, ट्यूबलाइट नाही.

प्रतिसाद ५ : आमच्या घरी ट्यूबलाइटही मालवतात, आणि ते मराठीच आहे.