उरणची लोकल : तुमची आठवण सांगा (अनुभव धागा)

कोटगावची
परवा सीवूड्सहून माहेरी निघाले होते. गाडी तरघरला थांबली. डिसेंबर २०२५ पासून तिथे आणि गव्हाणला गाडी थांबायला लागली, पण गाडी तिथे थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते. इतके दिवस बंद स्टेशन म्हणून मागे टाकलेल्या फलाटावर माणसं चढता-उतरताना दिसली आणि एकदम १२ जानेवारी २०२४ आठवला.

त्या दिवशी खारकोपर ते उरण हा राहिलेला तुकडा सुरू झाला. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी, त्यामुळे टीव्हीवर दिवसभर सेतूच. आमच्या आळीत मात्र लोकल सोडून दुसरा विषय नव्हता. दुसऱ्या दिवशी शनिवार. आई सकाळपासून नेसून तयार. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाली, "कुठे नाही. बसून यायचंय." निम्मं गाव असंच निघालं होतं. कुणाच्या हातात पिशवी नाही, सामान नाही. नेरूळपर्यंत जायचं, फलाटावर चहा प्यायचा, परत यायचं.

माझे वडील आयुष्यभर मोऱ्याच्या, म्हणजे उरणच्या मोरा बंदराच्या, लाँचने मुंबईला कामाला गेले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित मी पाढ्यांबरोबर शिकले. पुनवेला आणि अवसेला भरती बाराला, म्हणजे ऐन संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी, आणि तीही सगळ्यात मोठी. मोऱ्याला गाळ एवढा की लाँच धक्क्याला लागायचीच नाही. मग बाबा पनवेलवरून, जे मिळेल ते धरून, रात्री कधीतरी घरी.

त्या शनिवारी भाऊ त्यांना वेळापत्रक वाचून दाखवत होता. सगळं ऐकून घेतल्यावर बाबांनी एकच विचारलं, "पुनवेला पण हीच वेळ?"

तुमच्या आठवणी लिहा. उलवेवाल्यांनीही लिहा, तुमची गाडी तर २०१८ पासूनची.

मीठागर
"पुनवेला पण हीच वेळ?" वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. आमच्या आजोबांच्या तोंडीही हेच असायचं, आज लाँच किती वाजेपर्यंत लागेल. समोर मुंबईचे दिवे दिसायचे आणि घरी मात्र जेवायला थांबायचं की नाही याचा पत्ता नसायचा. सविस्तर लिहिते नंतर, कुकर लावलाय.

उलवेवासी
११ नोव्हेंबर २०१८, रविवार. नेरूळ-खारकोपर सुरू झालं तो दिवस. आम्ही उलव्यात नवीनच राहायला आलो होतो. तेव्हा विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडायचं काम चालू होतं, सुरुंग उडाले की खिडक्यांची तावदानं थरथरायची. नातेवाईक म्हणायचे, कुठे जाऊन राहिलात. रिक्षावाले संध्याकाळनंतर सीवूड्सहून यायला नाही म्हणायचे.

मला आठवतं ते म्हणजे गाडी नवी असूनही पहिल्या दिवशी सगळ्यांनी सवयीने दारात गर्दी केली आणि आत बाकं रिकामी. शेवटी एक आजोबा म्हणाले, "अरे बसा की, जागा आहे!" सासूबाई पहिल्यांदा एकट्या आमच्याकडे आल्या त्या याच गाडीने. त्याआधी आम्ही त्यांना आणायला जायचो. आता त्या न सांगता येतात :)

डोंबिवलीचा दादूस
एकच प्रश्न. बसायला मिळतं??

उलवेवासी
हो. अजून तरी मिळतं, खिडकीपण.

डोंबिवलीचा दादूस
घर बघतो मग उलव्यात.

करंजेकरीण
आमच्या मासेवाल्या बायकांचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितेय. माझी मावशी करंज्याहून पाटी घेऊन नेरूळला जाते. पूर्वी बसमध्ये पाटी घेत नसत, पाणी गळतं म्हणून. टेंपो ठरवायचा तर पाच-सहा जणी जमायला हव्यात, आणि टेंपो बंदराच्या कंटेनर ट्रेलरच्या रांगेत अडकला की बर्फ पाणी होऊन जायचा. दोन तासांनी माल उतरवायचा तर मांदेली मऊ पडलेली. गिऱ्हाईक बोट लावून बघतं आणि पुढे जातं.

आता लगेजचा डबा आहे. पाटीखाली गोणपाट, वर ओलं फडकं, बायका खालीच मांडी घालून बसतात. सुट्या पैशांचे हिशेब होतात, भाकरी सोडल्या जातात, सुनांच्या गोष्टी. मी एकदा मावशीबरोबर गेले होते. एका चिंबोरीची सुतळी सुटली आणि ती तुरुतुरु डब्यात फिरायला लागली. एक कॉलेजचा मुलगा चुकून त्या डब्यात चढला होता, तो थेट लोखंडी दांड्याला लटकला. मावशीने बोलता बोलता मागून पाठीवर बोटं दाबून उचलली, नांग्या दुमडल्या, बांधली, आणि बोलणं तिथूनच पुढे सुरू. त्या मुलाला म्हणाली, "उतर रं बाला, काय करत नाय ती."

मासळी ताजी पोचते. मावशीसाठी लोकल म्हणजे एवढंच, आणि हे फार मोठं आहे.

निवटी
करंजेकरीण ताई, मस्त! चिंबोरी कितीला दिली पुढे? 😄

करंजेकरीण
त्या मुलानेच घेतली! आईला फोन लावून विचारलं आणि घेतली.

जुनं शेवा
सगळ्यांचा आनंद वाचतोय, बरं वाटतंय. मला थोडं वेगळं लिहायचंय.

या मार्गावर न्हावा शेवा नावाचं स्टेशन आहे. माझ्या वडिलांचा जन्म शेव्याचा. बंदरासाठी गाव उठलं, आमच्यातले काही नवीन शेव्याला गेले, काही हनुमान कोळीवाड्यात. हनुमान कोळीवाड्यातल्या घरांना वाळवी लागली, ती माणसं अजून पक्क्या पुनर्वसनासाठी झगडतायत. बंदर १९८९ ला सुरू झालं. मालगाड्या लगेच धावायला लागल्या, डबे भरभरून. माणसांसाठी गाडी यायला २०२४ उजाडलं. मार्ग नव्वदीच्या दशकातच मंजूर झाला होता, मग जमिनीचा प्रश्न, मग खारफुटीची परवानगी, असं करत एक पिढी गेली.

आणि जानेवारी महिना आमच्याकडे हुतात्म्यांचा. १९८४ च्या जानेवारीत नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, दास्तान आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्क्यांची जमीन, म्हणजे घेतलेल्या जमिनीतला तेवढा विकसित हिस्सा परत, त्या रक्तातून मिळाली. म्हणून १२ जानेवारीला गाडी आली तेव्हा मी आधी जासईला जाऊन हुतात्म्यांना हार घालून आलो, मग तिकीट काढलं.

गाडीत बसलो आणि न्हावा शेवा आलं. स्पीकरवर गावाचं नाव ऐकलं. वडील शेजारी होते. उतरले नाहीत, उतरून बघायला काही नाही तिथे. पण नाव घेतलं तेव्हा त्यांनी टोपी नीट केली. मला राग आणि आनंद एकदमच आला, अजूनही गाडी तिथे थांबली की दोन्ही येतात.

कोटगावची
दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही शाळेत असताना हुतात्म्यांची नावं म्हणायचो, आता मुलांना कुणी सांगत नाही.

मीठागर
🙏

चिरनेरकर
सगळं खरं, पण तालुका म्हणजे फक्त उरण शहर नव्हे. आम्हाला चिरनेरहून स्टेशन गाठायचं तर आधी बसची वाट बघा. सुरुवातीला तासाला एक गाडी होती, बस पाच मिनिटं उशिरा आली की गेला तास. आता डिसेंबरपासून दहा फेऱ्या वाढल्या, त्याबद्दल आभार. गावांतून स्टेशनपर्यंत वेळेवर बस मिळाली तर खरी मजा. आणि थेट सीएसएमटी गाडी कधी? नेरूळला बदलताना म्हाताऱ्यांचे हाल होतात.

निवटी
चिरनेरकर काका +१. जिन्यावर आजी बसूनच राहते माझी.
तुमच्याकडे २५ सप्टेंबरला अजून जत्रेसारखी गर्दी असते ना? आजोबा जंगल सत्याग्रहाच्या गोष्टी सांगायचे, १९३० च्या.

चिरनेरकर
असते ना. दरवर्षी मानवंदना होते. ये या वर्षी, गणपतीचं देऊळही बघून होईल.

रातपाळी
रुग्णालयात परिचारिका आहे, मुंबईत. उरणलाच राहते. आम्ही इथले लोक रात्री आजारी पडायला घाबरायचो. माझ्या दिराला छातीत दुखायला लागलं तेव्हा रुग्णवाहिका गव्हाण फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत उभी होती. मी आत त्याचा हात धरून बसलेले, ड्रायव्हर खाली उतरून एकेका ट्रेलरवाल्याला हात जोडत होता. वाचला तो. सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

लोकलने तो प्रश्न सुटलेला नाही, मोठं रुग्णालय इथेच व्हायला हवं. पण माझी ड्युटी बदलली. पूर्वी मी मैत्रिणीकडे मुंबईत झोपायचे आठवड्यातले निम्मे दिवस. मुलगी पहिलीत होती, फोनवर पाढे घ्यायचे तिचे. आता सकाळची पाळी संपली की तिच्या शाळेच्या गॅदरिंगलाही पोचते. नेरूळला गाडी बदलली आणि खिडकी मिळाली की मी चपला काढून पाय वर घेते. बामणडोंगरीच्या पुढे वारा लागतो तेव्हा पाठ मोकळी होते.

करंजेकरीण
ताई, काळजी घ्या. तुमच्यासारख्यांमुळे चाललंय सगळं. 🙏

उलवेवासी
रातपाळी, पाळी सुटल्यावर कधीतरी खारकोपरला उतरा. चहा माझ्याकडे.

रातपाळी
नक्की!

पिरवाडी
रविवारी बीचवर येणाऱ्यांना हात जोडून विनंती, आलात तर आनंदच आहे, आमच्या भेळवाल्यांचा, नारळवाल्यांचा धंदा वाढलाय. पण बाटल्या-पिशव्या परत घेऊन जा. सोमवारी सकाळी गावातली पोरं कचरा गोळा करतात.

डोंबिवलीचा दादूस
येतोय या रविवारी सहकुटुंब, कचरा बरोबर नेणार, शब्द दिला. जेवायला काय मिळेल?

निवटी
दादूस, सीझन पोपटीचा आहे!! बीच सोडा, शेतावर या.

डोंबिवलीचा दादूस
पोपटी म्हणजे?

निवटी
काय सांगता! मडक्यात खाली भांबुर्ड्याचा (रानात उगवणारं वासाचं झुडूप) पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ, वर परत पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही.

मीठागर
आले परत. आमच्याकडे चिकन नाही घालत, नुसत्या शेंगा आणि अंडी. चिकनने शेंगांचा वास जातो.

निवटी
अजिबात नाही जात!

चिरनेरकर
मीठागर ताईंचं बरोबर आहे. शेंगा आधी.

मीठागर
आणि भांबुर्डा फुलावर यायच्या आत तोडायचा. दादूस, तुम्ही सकाळचीच गाडी धरा, मडकं लावायला मदत लागेल.

डोंबिवलीचा दादूस
ठरलं. आम्ही पाच जण. ठाण्याला ट्रान्स-हार्बर धरून नेरूळ, तिथून उरण, बरोबर ना?

कोटगावची
बरोबर. उरणला उतरलात की बाहेर रिक्षा मिळेल. निवटी, माझ्याकडचं मोठं मडकं घेऊन जा, शनिवारी आई घरीच आहे.