‘न्यूरोफीडबॅक ध्यान’ला मराठीत काय म्हणावं?

परळच्या एका रुग्णालयात मेंदूला मार लागलेल्यांचे व्यायाम घेते. कपाळाला पट्टी लावून, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. पट्टी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी, टिपते. मन भरकटलं की कानात पावसाचा आवाज वाढतो, स्थिरावलं की ओसरतो. घरच्यांसाठीच्या पत्रकात ‘न्यूरोफीडबॅक ध्यान’ लिहिलं, तर एका आजींनी विचारलं, “म्हणजे आता याच्या ध्यानात राहील ना सगळं?” बाइकवरून पडल्यापासून त्यांचा मुलगा जेवलो की नाही हेही विसरतो. काय सांगू?

प्रतिसाद १
आजींचं काही चुकलं नाही. ‘ध्यानात ठेव’ म्हणजे आठवणीत, ‘ध्यानीमनी नसताना’ म्हणजे कल्पनेत, विटेवरचं ध्यान म्हणजे रूप. आणि शेजारणीने ‘काय ध्यान आहे!’ म्हटलं की विषयच संपला. तुम्ही ‘अवधान’ लिहा.

प्रतिसाद २
‘अनवधानाने’ सगळ्यांना कळतं, पण नुसतं ‘अवधान’ कीर्तनाबाहेर कोण बोलतं? ‘भान’ कसा वाटतो? भान सुटलं, भानावर आलो.

प्रतिसाद ३ (मूळ प्रश्नकर्ती)
‘भान’ नको हो. आयसीयूबाहेर बसून ज्यांनी आठवडेच्या आठवडे “भानावर आला का?” विचारलंय, त्यांच्या हातात तोच शब्द पुन्हा कशाला? शिवाय ‘न्यूरो’ वाचून “शॉक देतात का?” हे ठरलेलं. पट्टी मेंदूत काहीच सोडत नाही, फक्त टिपते, तेही व्होल्टच्या दशलक्षांशांत. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला, तेव्हापासून ईईजीचं काम ऐकण्याचंच. पण फीडबॅकचं काय? ‘प्रतिसाद’ तर पेशंट देतो, यंत्र नाही.

प्रतिसाद ४
डीएडच्या पुस्तकात ‘प्रत्याभरण’ आहे. तिथेच राहू दे. ‘पडसाद’ नेमका होता, आपलंच आपल्याला परत ऐकू येणं. पण वर्तमानपत्रांनी तो विधिमंडळात इतका उमटवलाय की आता शांत माणसाला लावता येत नाही. मी म्हणेन, ‘लक्ष परत आणण्याचा सराव’. “लक्ष लागत नाही” ही तक्रार घरचे याच शब्दांत करतात ना?

प्रतिसाद ५ (मूळ प्रश्नकर्ती)
हो, अगदी याच. तेच छापते, फीडबॅकला शब्दच न देता: ‘लक्ष सुटलं की पाऊस ऐकू येईल’. पेशंट तर आपापसात “पाऊस थांबवायला चाललो” म्हणतात. जुलैत मात्र एकाने हेडफोन काढून विचारलं, “बाई, हा बाहेरचा की माझा?”